इंटरनेट कॉलमधला तुटणारा आवाज : अपलोडच्या रांगेवर केलेले काम

इंटरनेटवरून बोलायचा माझा आयपी फोन वाय-फायवरून काढून थेट केबलवर घेतल्यानंतर बारीकसारीक खरखर थांबली, पण मुख्य दोष कायम राहिला. घरात कोणी व्हिडिओ क्लाउडवर चढवू लागले की माझे बोलणे पलीकडे तुटक पोहोचते, मी मात्र पलीकडचे सगळे स्वच्छ ऐकत असतो. मी एक ते वीस आकडे संथपणे म्हणून पाहिले, तेव्हा पलीकडे ‘तेरा’नंतर थेट ‘सोळा’ ऐकू आले. दोष एकाच बाजूला जाणवतो, याचाच अर्थ अडथळा अपलोडच्या वाटेवर आहे.

वेग अपुरा असेल ही शंका साध्या हिशेबापुढे टिकत नाही. जी.७११ हा कोडेक (आवाजाचे आकड्यांत रूपांतर करणारी पद्धत) २० मिलिसेकंदांच्या आवाजाचे १६० बाइटांचे एक पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे पुडके, करतो, त्यावर आयपी, यूडीपी आणि आरटीपी या पाठवणीच्या नियमांच्या शीर्षकांचे मिळून ४० बाइट चढतात, आणि अशी ५० पॅकेटे दर सेकंदाला पाठवूनही ८० किलोबिटच खर्च होतात. माझा अपलोड ५ मेगाबिटांच्या आसपास आहे.

खरा प्रश्न रांगेचा आहे. जोडणी मोकळी असताना सुमारे २० मिलिसेकंदांवर असणारा पिंग (संदेश जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ), मोठी फाइल चढत असताना ८०० च्या पुढे जातो. फाइल पाठवताना लागू होणाऱ्या टीसीपी या नियमांच्या प्रचलित पद्धती पॅकेटे गळू लागेपर्यंत वेग वाढवत नेतात, त्यामुळे मोडेममधला बफर, म्हणजे पॅकेटे तात्पुरती थांबण्याची जागा, काठोकाठ भरतो. ५ मेगाबिटांच्या वाटेवर ५१२ किलोबाइटांची रांग उपसायला सुमारे ०.८ सेकंद लागतात आणि आवाजाचे चिमुकले पॅकेट त्या रांगेच्या शेवटी उभे राहते. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) जी.११४ शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर बहुतेक संभाषणांना बाधा येत नाही. शिवाय रांग सतत कमीजास्त होत असल्याने पॅकेटे अनियमित अंतराने पोहोचतात, आणि अंतरातला हा चढउतार (जिटर) सावरण्यासाठी पॅकेटे थोडा वेळ थांबवणाऱ्या जिटर बफरची मुदत उलटून आलेले पॅकेट फोन सरळ टाकून देतो.

यावर उपाय म्हणून राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली बसवून तिच्या एसक्यूएम या रांग सांभाळणाऱ्या सोयीत ‘केक’ ही पद्धत निवडली आणि अपलोडची मर्यादा ४.५ मेगाबिट ठेवली. मर्यादा प्रत्यक्ष वेगापेक्षा कमी ठेवणे हाच या उपायाचा गाभा आहे, कारण त्यामुळेच रांग मोडेममध्ये न साचता, जिथे तिचे व्यवस्थापन आपल्या हाती आहे अशा राउटरमध्ये साचते. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडलेली कोडेल पद्धत रांगेच्या लांबीऐवजी पॅकेट तिथे किती वेळ थांबले ते पाहते. तोच विचार ‘केक’मध्ये आहे, आणि त्याच्या जोडीला प्रत्येक प्रवाहाची रांग वेगळी ठेवलेली असल्यामुळे फाइलच्या गर्दीत आवाज अडकत नाही.

आता अपलोड चालू असतानाही पिंग ३० च्या आतबाहेर राहतो. मात्र पिंगलाही स्वतःची वेगळी रांग मिळत असल्याने केवळ त्या आकड्यावर विसंबणे मला योग्य वाटत नाही. म्हणून कॉलच्या दर्जाची नोंद देणाऱ्या फोनच्या आरटीसीपी अहवालातील जिटर आणि गळती तपासली, आणि आकड्यांची चाचणी पुन्हा घेतली. वीसही आकडे सलग पोहोचले, याचा मला मनापासून आनंद आहे. फाइल चढायला थोडा अधिक वेळ लागतो, आणि तो सौदा घरात सर्वांनी मान्य केला आहे.

फोनच्या पॅकेटांवर डीएससीपी ४६ ही प्राधान्याची खूण लावून ‘केक’ला ती ओळखायलाही सांगितले, पण प्रवाह वेगळे झाल्यानंतर तिने कानाला जाणवेल असा फरक पडला नाही. राउटरमधली एसआयपी एएलजी ही कॉलच्या संदेशांत फेरफार करणारी सोय बंदच ठेवली आहे.

डाउनलोडची बाजू अजून बाकी आहे. तिथे रांग सेवादात्याच्या टोकाला साचते, त्यामुळे मर्यादा अधिक खाली आणावी लागेल असा माझा अंदाज आहे. तो वेग मोठा असल्याने राउटरचा प्रोसेसर हा भार पेलतो का, हे पुढच्या टप्प्यात आधी तपासणार आहे.