टाटामोबाइलचा सायलेन्सर: कुठला घेतला, कुठं बसवला आणि घुमणं कसं गेलं

मंडळी, २०६ चं एक्झॉस्टचं काम एकदाचं मार्गी लागलंय. दोन आठवड्यांत उरकेल असं धरून चाललो होतो, लागले सहा, आणि त्यातले तीन फक्त एका आवाजाच्या मागं गेले. पण त्या तीन आठवड्यांत जे कळलं ते सगळ्यांना उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितोय.

नवीन लोकांसाठी थोडक्यात: गाडी म्हणजे टाटामोबाइल २०६, सिंगल कॅब. १९८८ साली टेल्कोनं (आताची टाटा मोटर्स) पुण्यात बनवायला घेतलेला तोच पिकअप. इंजिन १९४८ सीसीचं चार सिलिंडर डिझेल, टर्बो नाही, पुढं टाटाच्या सिएरा गाडीत पण हेच आलं. आमच्या थोरल्या काकांनी गुळाचे रवे (ढेपा) शाहू मार्केट यार्डात न्यायला ही घेतली होती, नंतर बरीच वर्षं शेडमध्ये उभी होती. इंजिनचं काम झालं, आता धूर बाहेर काढायची पाळी.

खाली शिरून बघितलं तर मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर गोळा करणारा पहिला जोड) शाबूत, पण पुढचं काहीच मूळचं नाही. कधीतरी कुणीतरी दुसऱ्याच गाडीचा सायलेन्सर लावलेला आणि मागं चक्क पाण्याचा जीआय पाईप जोडलेला. तो कापताना एक काळजी घ्या, जीआयवर जस्ताचा थर असतो, त्याला गॅस किंवा वेल्डिंग लावलं की पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. आम्ही उघड्यावर हॅक्सॉनं कापला, वेळ गेला तर गेला.

आधी पाईपचा साईज. मनात अडीच इंची होता, कारण जाड पाईप दिसतो भारी. मग वहीत हिशोब मांडला. चार स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा १.९४८ लिटर हवा घेतं, म्हणजे ४५०० आरपीएमला (मिनिटाला ४५०० फेऱ्या) मिनिटाला साधारण ४३८० लिटर, सिलिंडर ८५ टक्के भरतो धरलं तर ३७२० लिटर. तीच हवा जळून ५०० डिग्रीला बाहेर येते तेव्हा अडीच पट फुगलेली असते, म्हणजे सेकंदाला १५८ लिटरच्या आसपास गॅस. पावणेदोन इंची पाईपमधून (दीड मिमी पत्रा धरून) हा गॅस सेकंदाला ११७ मीटरनं पळतो, दोन इंचीतून ८८, अडीच इंचीतून ५५. अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो, त्यामुळं पावणेदोनवरून दोनला आलं की मोठा फरक पडतो, पण दोनवरून अडीचला जाऊन मिळणारा फायदा आपल्या विनाटर्बो इंजिनला जाणवण्याइतका नाही, आणि अडीच इंची मागच्या एक्सलच्या (चाकांच्या आडव्या दांड्याच्या) वरून न्यायचा म्हणजे जागेची मारामारी. दोन इंची फायनल केला. आणि हो, "थोडं बॅकप्रेशर पाहिजेच" (म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराला अडवणारा दाब) असं बरेच मिस्त्री सांगतात ते मला पटत नाही, डिझेलला तर अजिबात नाही, गॅस जितका सुखानं बाहेर जाईल तितकं बरं.

आता सायलेन्सर. टेबलावर दोन होते. एक तीन पासवाला, म्हणजे आत कप्पे असतात आणि गॅस पुढं-मागं-पुढं असा वळून जातो, हा पुण्याच्या नाना पेठेतून आणला, टेम्पोसाठी असतो तसला अंडाकृती. दुसरा सरळ आरपार, मधे भोकाभोकाची नळी आणि भोवती ग्लासवूल. नुसतं ऐकून ठरवायचं नव्हतं म्हणून बॅकप्रेशर मोजलं. त्यासाठी मीटर लागत नाही, गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाईप यू आकारात फळीवर ठोकला, अर्धा पाण्यानं भरला, सायलेन्सरच्या आधी एक नट वेल्ड करून त्यातून फूटभर तांब्याची नळी काढली (गॅस थंड व्हायला, नाहीतर प्लास्टिक वितळतं) आणि जोडला. उभ्या गाडीत ४००० पर्यंत रेस देऊन पाण्याच्या दोन पातळ्यांतला फरक बघायचा. जुन्या गंजक्या सायलेन्सरला ६२ सेंमी, नव्या तीन पासवाल्याला ३४, आरपारला १५. उभ्या गाडीचं हे माप आहे, लोडवर आकडे वाढतील, पण तुलनेला पुरे.

आरपार जिंकला असं वाटेल, पण आवाज ऐकल्यावर मत बदललं. ग्लासवूल फक्त वरचा आवाज खातं, सर्रसर्र आणि कडकड. डिझेलचा खालचा दणका तसाच बाहेर येतो, तो मारायला कप्पेच लागतात. शिवाय काजळी बसून ग्लासवूल हळूहळू निकामी होतं. शेजारचे मामा गोठ्यातनं बाहेर येऊन म्हणाले, "मर्दा, म्हसरं बुजत्यात की!" आणि त्यांचं खरं होतं. कायद्याचं पण बघा, मोटार वाहन नियम १२० सरळ सांगतो की आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर हवाच, आणि कर्कश सायलेन्सर पोलीस रोडरोलरखाली घालतात हे आपण बघतोच. जुन्या गाड्यांच्या छंदाला लोकांनी नावं ठेवू नयेत असं मनापासून वाटत असेल तर गाडी शांत असली पाहिजे. मुख्य सायलेन्सर तीन पासवाला घेतला, आरपारवाला बाजूला ठेवला, त्याचं काम पुढं आलं.

मटेरियलवर जास्त डोकं खाल्लं नाही. एक लिटर डिझेल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं, वाफ असते म्हणून दिसत नाही, पण गाडी दोन-चार किलोमीटरच फिरली की ते पाईपमध्येच थंड होऊन साचतं, आणि आमचा गगनबावड्याकडचा पाऊस बाहेरून आहेच. साधा लोखंडी पाईप दोन्हीकडून खातो. मोठ्या गाड्यांना ४०९ ग्रेडचा स्टेनलेस वापरतात, तो मला सुटा मिळाला नाही. मिळाला ३०४, आणि कुठं, तर डेअरीच्या फिटिंगवाल्याकडं! दूध नेणाऱ्या लाईनला ५१ मिमीचा ३०४ पाईप असतो आणि त्याचे ९० डिग्रीचे एल्बो (तयार वळणाचे तुकडे) आतून एकदम गुळगुळीत, चेपलेले नसतात. एक्झॉस्टवाला प्रेसवर वाकवतो तेव्हा बेंडला पाईप चपटा होतो, जुने मिस्त्री आत वाळू ठासून गरम करून वाकवायचे ते त्यापेक्षा चांगलं, पण हे एल्बो पाहिजे त्या डिग्रीत कापून जोडले की प्रश्नच मिटतो. कोल्हापुरात दूध आहे तोवर एल्बोची कमी नाही. उद्यमनगरातल्या एका दादांनी आर्गन वेल्डिंग करून दिलं, स्टेनलेस आणि साधं लोखंड जिथं भेटतं तिथं ३०९ ग्रेडचा फिलर (जोडात वितळवायची सळई) वापरला.

३०४ ची एक खोड लक्षात ठेवा, तो गरम झाला की लोखंडापेक्षा जास्त वाढतो. चार मीटर पाईप सरासरी २५० डिग्रीनं तापला तर १७ मिमी लांब होतो, लोखंड १२ च्या आसपास. त्यामुळं एकही हँगर (पाईप टांगायचा अडकवा) कडक नको, सगळे रबरावर, आणि मॅनिफोल्डच्या खालच्या पाईपनंतर जाळीचा फ्लेक्सिबल जोड टाकलाच पाहिजे, कारण आपलं डिझेल आयडलिंगला जे हलतं ते सगळं तिथं जिरतं.

आता मुख्य गोष्ट, लेआउट. पहिल्यांदा जे सगळ्यांना सुचतं तेच केलं: सायलेन्सर कॅबच्या लगेच मागं हौद्याच्या सुरुवातीला, तिथं जागा मोकळी, आणि तिथून २.८ मीटरचा शेपटीचा पाईप एक्सलच्या वरून मागच्या टोकापर्यंत. सहा मिमी सळई वाकवून नमुना केला, त्याबरहुकूम पाईप जोडला, दिसायला इतका छान की हौद्यावर झोपून खाली बघत बसलो होतो.

पन्हाळ्याला निघालो. गावात शांत. हायवेला टॉप गिअर टाकला आणि २३०० ते २४०० आरपीएमला कॅबमध्ये असं घुमायला लागलं की डोक्याच्या मागं कुणी ढोल धरलाय. २६०० ला गायब, २००० ला गायब. आणि गाडी नेमकी तिथंच सुखानं चालते.

सगळे म्हणाले सायलेन्सर बदल. मी हँगर तपासले, कुठं चेसिसला टेकतंय का ते बघितलं, कॅबच्या मागच्या पत्र्याला आतून डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर जिरवणारी) लावली. फरक नाही. मग एके दिवशी सकाळी थंड गाडी बाहेर काढली आणि जाणवलं की घुमणं २१०० ला येतंय! दहा-बारा किलोमीटर गेल्यावर सरकत सरकत २३५० ला गेलं. इथं उलगडा झाला. कॅबचा पत्रा घुमत असता तर आरपीएम बदलला नसता. गॅस तापला की त्यातून आवाज जास्त वेगानं जातो, म्हणजे जे घुमतंय ते पाईपच्या आत आहे.

गणित सोपं आहे. सायलेन्सरपासून टोकापर्यंतचा पाईप दोन्हीकडून उघड्या बासरीसारखा वागतो, त्याचा सूर म्हणजे आवाजाचा वेग भागिले लांबीची दुप्पट. २०० डिग्रीच्या गॅसमध्ये वेग सेकंदाला ४३५ मीटर धरा, भागिले ५.६, येतात ७८ हर्ट्झ. चार सिलिंडरचं इंजिन एका फेरीला दोन धक्के देतं, ७८ हर्ट्झ म्हणजे २३३० आरपीएम. मी वहीकडं बघतच राहिलो. १०० डिग्रीला वेग ३८७, मग येतात ६९ हर्ट्झ, २०७० आरपीएम. थंड गाडीचा आकडा पण जुळला!

खात्री करायला पाईप एक्सलच्या आधीच कापला, १.१ मीटर शेपूट ठेवली. २३५० चं घुमणं पूर्ण गेलं. पण हे कायम ठेवता येत नाही, धूर हौद्याखाली कोंडतो आणि मागच्या काचेतून आत येतो, ताडपत्री बांधली तर अजूनच. टोक बॉडीच्या बाहेर पाहिजेच.

अमेरिकेतले पिकअपवाले अशा वेळी एक बंद टोकाचा फाटा जोडतात, लाटेच्या चौथाई लांबीचा. त्यांच्या आठ सिलिंडरला २००० आरपीएमला १३३ हर्ट्झ येतात, फाटा ८० सेंमीत बसतो. आपल्याला ७८ हर्ट्झसाठी १.४ मीटरचा फाटा लागेल, तो ठेवायचा कुठं? सोडून दिला.

शेवटी सायलेन्सरच मागं नेला, एक्सलच्या पलीकडं. त्यासाठी स्टेपनी खालून काढून हौद्यात उभी केली. आता शेपूट फक्त ७० सेंमी, तिचा सूर ३१० हर्ट्झला, आपलं इंजिन तिथं कधी पोचत नाही. आणि कॅबमागं जिथं सायलेन्सर होता तिथं तो बाजूला ठेवलेला आरपारवाला बसवला, रेझोनेटर म्हणून. वरची सर्रसर्र तो खातो, खालचा दणका मागचा खातो. सायलेन्सर तोच, पाईप तोच, फक्त जागा बदलली, आणि फोनवरच्या मीटरला कॅबमध्ये २३५० ला ८२ दिसायचे तिथं ७४ दिसतात. फोनचा आकडा खरा किती ते सोडा, आठ डेसिबलचा फरक कानाला सरळ कळतो. १३०० च्या आसपास किंचित हुंकार आलाय, कारण आता पुढचा पाईप लांब झाला, पण तो गिअर टाकताना ओलांडून जातो.

बसवताना दोन-तीन गोष्टी. एक्सलवरचा वळसा ठरवताना गाडी स्टँडवर ठेवून उपयोग नाही, जॅकनं एक्सल वर उचलून बंप स्टॉपला (एक्सलला वर अडवणाऱ्या रबराला) टेकवा आणि मग पाईप आणि एक्सलमध्ये दीड-दोन इंच राहतात का बघा, माझा पहिला नमुना इथंच फेल गेला. डिझेलच्या लाईनपासून नियमानं किमान ३५ मिमी अंतर हवं, मी त्याहून बरंच जास्त ठेवलं आणि मधे पत्र्याची आड दिली. टोक फूटपाथच्या बाजूला वळवू नका, चालणाऱ्याच्या अंगावर धूर जातो, मी सरळ मागं काढलंय. सायलेन्सरच्या सगळ्यात खालच्या जागी ३ मिमीचं भोक पाडलं, साचलेलं पाणी तिथून थेंब थेंब निघून जातं. आणि सायलेन्सर बदलून काळा धूर कमी होत नाही, तो नोझल (इंजिनात डिझेल फवारणारे) आणि एअर फिल्टरचा विषय, माझी पीयूसी नोझल टेस्ट केल्यावर पास झाली.

रविवारी हौद्यात २०० किलोचं वजन टाकून गगनबावड्यापर्यंत जाऊन आलो, येता-जाता ११० किलोमीटर, शेवटच्या चढाला दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर पूर्ण दाबून. काका शेजारी बसले होते, अख्खा रस्ता बोलत होते. घरी येऊन खाली बघितलं तर मागचा एक रबर हँगर खेचला गेलाय, १७ मिमीचं गणित करूनही मी त्याला थंड असताना सरळ उभा लावला होता, तो पुढं झुकवून लावायला हवा होता म्हणजे पाईप तापला की सरळ होईल. उद्या तेवढं करतो.

कुणाकडं २०६ असेल तर एक्सलवरच्या वळशाचा सळईचा दुरुस्त केलेला नमुना शेडमध्ये टांगून ठेवलाय, कोल्हापूरला आलात की घेऊन जा, फक्त काम झाल्यावर परत आणून द्या.