वार ठरवून जा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. 'आमच्या नात्यात एकांना डिमेन्शिया झालाय, त्यांची सूनच सगळं बघते, आम्ही तिला काय मदत करू?' सासूबाईंचं हे आठवण आणि समज हरवत जाण्याचं दुखणं आमच्या घरात बरीच वर्षं होतं आणि त्यांचं सगळं मी केलं, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. माझं उत्तर एकच असतं: वार ठरवा, वेळ ठरवा आणि जा.

'काही लागलं तर सांग हं' म्हणून फोन ठेवू नका. काय लागतंय याचा विचार करायलाही तिला सवड नसते, आणि सुनेच्या तोंडून मदतीचा शब्द सहज निघतही नाही. पूर्वी पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. त्याला रोज कुणापुढे हात पसरावा लागत नसे आणि एकाच घरावर भारही पडत नसे. नातेवाइकांनी असेच वार वाटून घ्यावेत. बुधवारी पाच ते आठ आत्या, शनिवारी चुलतभाऊ. आला नाहीत तर चालेल असं नाही. तिने त्या वेळेत दाताच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतलेली असते.

पाच ते आठ मी मुद्दाम म्हणते. पाहुणे येतात रविवारी सकाळी अकराला, तेव्हा पेशंट अंघोळ करून, नाश्ता करून शांत बसलेला असतो. दिवस कलला की पुष्कळांची अस्वस्थता वाढते. 'मला घरी जायचंय' सुरू होतं, दाराची कडी वाजायला लागते, आणि त्याच वेळी घरात कुकर लावायचा असतो, मुलं क्लासहून यायची असतात. हात हवा असतो तो तेव्हा.

गेल्यावर परीक्षा घेऊ नका. 'सांगा बरं, मी कोण?' हा प्रश्न त्या माणसाला घाबरवतो. आपणच नाव सांगावं आणि बसावं. घरी जायचंय म्हणाले तर 'हेच तुमचं घर' म्हणून वाद घालू नये. त्यांच्या घराबद्दल विचारावं, परसात काय होतं, विहीर कुठे होती. आमच्या शेजारच्या काकू दर गुरुवारी मोड आलेले वाल घेऊन यायच्या. सासूबाईंना तोवर माणसं ओळखू येत नव्हती, पण वाल सोलणं हातांना येत होतं. या आजारात हातांच्या जुन्या सवयी पुष्कळदा नावांपेक्षा जास्त टिकतात. दोघी डाळिंब्यांचा ढीग करत बसायच्या आणि मी आतल्या खोलीत दार लावून झोपायची. त्या झोपेचं ऋण मी आजही मानते.

आणि एक वाक्य कृपा करून बोलू नका: 'छान तर बोलत होत्या, तू उगाच काळजी करतेस.' परक्या माणसासमोर पुष्कळ पेशंट थोडा वेळ स्वतःला सावरतात, नीट बोलतात, हसतात. पाहुणा गेला की सगळं पुन्हा सुरू. पाहणाऱ्याला अर्धा तास दिसतो, सांभाळणारीला उरलेला दिवस आणि रात्र. हे एक वाक्य तिला खोटं पाडतं.

नुसतं येऊन बसण्याने काय होणार, असं वाटत असेल तर गोव्याचं उदाहरण सांगते. तिथे स्थानिक लोकांनाच आठवडाभराचं प्रशिक्षण देऊन डिमेन्शियाच्या पेशंटच्या घरी पाठवलं. सहा महिने, साधारण पंधरवड्यातून एकदा तरी. आजाराची माहिती द्यायची, वागणं कसं हाताळायचं ते सांगायचं, ऐकून घ्यायचं. मागे मार्गदर्शनाला तज्ज्ञ. ८१ कुटुंबांचा हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. पेशंटचा आजार अर्थातच गेला नाही, पण सांभाळणाऱ्यांचा मानसिक त्रास स्पष्टपणे कमी झाला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार आपल्याकडे साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, आणि त्यांतले बहुतेक घरीच असतात. एवढ्यांना पुरतील अशी केंद्रं कुठून येणार? नातेवाईक आणि शेजारी हेच आहेत.

लांबच्या भावंडांनी व्हिडिओ कॉलवर सल्ले देण्यापेक्षा रात्रीच्या मावशींचा पगार द्यावा. दर महिन्याला, न मागता. डायपरचा खर्च उचलावा. कागदपत्रांचं काम तर परगावातूनही बरंचसं होतं, आणि ते आजाराच्या सुरुवातीलाच करायला हवं. माणूस सही करतोय, समजून करतोय, तोवरच बँकेतलं नॉमिनेशन, संयुक्त खातं, मृत्युपत्र पाहून घ्यावं. मुखत्यारपत्र करून ठेवलंय म्हणून निर्धास्त राहू नका. करून देणाऱ्याची समज गेली की १८७२च्या करार कायद्याप्रमाणे ते संपतं, म्हणून वकिलाला आधीच विचारा. पेन्शन असेल तर नोव्हेंबरातला हयातीचा दाखला पोस्टमन घरी येऊन करून देतो. गोंधळलेल्या माणसाला बँकेच्या रांगेत उभं करायची गरज नाही. ही सोय कितीतरी घरांना ठाऊकच नसते. तुम्ही चौकशी करून पोस्टमनला बोलावलंत तरी तिचा एक अख्खा दिवस वाचतो.

शेवटी तिच्याकडेही बघा. झोप उडालीय, रडू आवरत नाही, पेशंटवर हात उगारला जाईल अशी भीती वाटतेय, असं ती म्हणाली तर उपदेश करू नका. सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवा आहे, १४४१६ हा नंबर, दिवसरात्र चालू, मराठीतही बोलता येतं. तिच्या फोनमध्ये तो घालून द्या. आणि ती बोलत असेपर्यंत पेशंटजवळ तुम्ही बसा, दार लोटून घ्या.