तलवार नाही सुटत, पण भाडं सुटतं

डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे डी अँड डी, हा टेबलाभोवती बसून फासे टाकत गोष्ट खेळायचा खेळ, आणि तो चालवणाऱ्या प्रत्येक डीएमच्या (डंजन मास्टरच्या) नशिबी हा प्रश्न कधी ना कधी येतोच. पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, गावात थांबलीये, विझार्डला (जादूगाराला) स्पेल उतरवून घ्यायचेत, पॅलॅडिन (धर्मयोद्धा) जायबंदी होऊन पडलाय, पंधरा दिवस मोकळे आहेत आणि तेवढ्यात कोणीतरी हळूच विचारतो, अरे माझा ड्वार्फ लोहार आहे ना, मग बसून काय करतोय, भट्टी लावू दे की त्याला, किती सुटतील? आमच्याकडे हे विचारणारा प्राणी खऱ्या आयुष्यात सीए आहे. म्हणजे प्रश्न विचारेपर्यंत एक्सेल शीट उघडलेली असते.

आम्ही रविवारी मुलुंडला एकाच्या हॉलमध्ये खेळतो, आणि गेली बरीच वर्षं नियमपुस्तकांच्या एडिशन बदलत बदलत खेळतोय, त्यामुळे या एका प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरं मी देऊन झालोय.

पहिलं उत्तर डी अँड डी ३.५ एडिशनचं. प्रोफेशन (धंद्याचं) स्किल घ्या, डी२० म्हणजे वीस बाजूंचा फासा टाका, त्यात स्किलचे आकडे मिळवून जो टोटल येईल त्याच्या अर्ध्याएवढे गोल्ड पीस आठवड्याला मिळतात, संपला विषय. पहिल्या लेव्हलला स्किलचे चार रँक, विस्डमचे (शहाणपणाच्या गुणाचे) दोन आणि फाशाचे सरासरी दहा धरले तर साधारण सोळा येतात, म्हणजे आठवड्याला आठ गोल्ड. आणि ज्याला काहीच येत नाही अशा मजुराला दिवसाला एक सिल्व्हर, म्हणजे सातही दिवस राबला तर सात सिल्व्हर, आणि दहा सिल्व्हरचा एक गोल्ड. म्हणजे अकरा पटींहून जास्त फरक! पण गंमत पुढे आहे. प्रोफेशनच्या यादीत हमाल पण आहे आणि मुनीम पण आहे, आणि दोघांना अगदी तोच फॉर्म्युला. रोल सारखा पडला की मस्जिद बंदरला पाठीवर गोणी वाहणारा आणि त्याच गाळ्यात गादीवर बसून वही लिहिणारा, दोघांचा पगार सेम. आमचा सीए यावर जो चिडला तो अजून शांत झालेला नाही.

त्यात परत वस्तीचा काही संबंधच नाही. वीस घरांच्या वाडीत बसा नाहीतर राजधानीत, आठ म्हणजे आठ.

परफॉर्म (कला सादर करायच्या) स्किलचं टेबल मात्र मला आजही आवडतं. बार्डने, म्हणजे गवय्याने, चौकात वाजवलं आणि चेक (फासा अधिक स्किल) १० आला तर दिवसाला फक्त १डी१० कॉपर, म्हणजे दहा बाजूंच्या एका फाशावर पडतील तेवढी तांब्याची नाणी, आणि पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की हे जवळपास भीक मागणंच आहे. १५ आला तर तेवढेच सिल्व्हर, आणि थेट ३० आला तर दिवसाला ३डी६ (सहा बाजूंचे तीन फासे) गोल्ड, वर दुसऱ्या प्लेनवरच्या (दुसऱ्या लोकातल्या) कोणाचं तरी लक्ष तुमच्याकडे जाऊ शकतं. लोकलच्या डब्यात पेटी घेऊन गाणाऱ्यांपैकी एखाद्याचा गळा ऐकून आपण घाटकोपरला उतरायचं विसरतो ना, तर तो माणूस कोणत्या ओळीत आहे आणि का आहे हे त्या टेबलवर दिसतं. कलेच्या बाजारात किती उतरंड असते हे लिहिणाऱ्याला माहीत होतं, मग मुनीम आणि हमालाच्या वेळी कुठे गेलं कोण जाणे.

बरं हे आठ गोल्ड कशाला पुरतात? साधी लाँगसोर्ड पंधराची, म्हणजे दोन आठवडे. प्लस वन, म्हणजे जादूची, लाँगसोर्ड २३१५ ची. न खाता न पिता साठवलं तरी साडेपाच वर्षं! आणि हे मुद्दामच आहे, कारण लोहारकीवर मॅजिक तलवार सुटायला लागली तर गुहेत मरायला कोण जाईल, सगळी पार्टी दुकान टाकून बसेल आणि मी डीएम म्हणून वजनकाटे तपासत बसेन.

पाथफाइंडर नावाच्या अशाच खेळाच्या दुसऱ्या एडिशनने, २०१९ ची ती, हे जरा नीट केलंय. तिथे कामालाच लेव्हल असते आणि गावात कोणत्या लेव्हलचं काम मिळेल हे गावावर ठरतं. खेड्यात शून्य-एक, छोट्या शहरात दोन ते चार, मोठ्या शहरात पाच ते सात, असं साधारण. म्हणजे तुम्ही कितीही भारी कारागीर असा, खेड्यात तुम्हाला विळा-कोयत्यालाच धार लावायला मिळणार, डीसी १५ (म्हणजे निदान एवढा चेक यायला हवा), जमलं तर दिवसाला दोन सिल्व्हर. नाही जमलं तर दोन कॉपर हातावर ठेवतात, आणि क्रिटिकल फेल, म्हणजे अगदीच वाईट फेल, झालात तर काहीच नाही, वर कामावरून काढतात आणि गावात नाव खराब. हा नियम वाचला तेव्हा मी जोरात हसलो कारण हा सरळसरळ चाकरमान्यांचा नियम आहे, आमचे आजोबा राजापूरकडून गिरणीत आले ते काय मुंबईची हवा आवडली म्हणून नाही, हातात कसब होतं आणि वाडीत त्या लेव्हलचं कामच नव्हतं.

पण तिथेही गणित तेच. पहिल्या लेव्हलला चौघांच्या पार्टीला मिळून १७५ गोल्डचा ऐवज मिळावा असं पुस्तक सांगतं, एकाच्या वाट्याला चव्वेचाळीसच्या आसपास. दोन सिल्व्हर रोजाने तेवढे जमवायला सात महिने लागतात. सीएने हे स्वतः काढलं आणि दहा मिनिटं गप्प होता.

आता डी अँड डी फाइव्ह ई, म्हणजे पाचवी एडिशन, २०१४ वाली. लोक याला आळशी नियम म्हणतात, मला मात्र तोच सगळ्यात पटतो. तुम्ही डाउनटाइममध्ये (मोहिमांमधल्या मोकळ्या दिवसांत) धंदा केलात तर पैसे मिळतच नाहीत! मिळतं काय तर मॉडेस्ट लाइफस्टाइल, म्हणजे साधं राहणीमान, फुकट, एरवी ज्याला दिवसाला एक गोल्ड पडला असता. एखाद्या संघटनेत असाल, देवळात म्हणा किंवा चोरांच्या गिल्डमध्ये म्हणा, तर कंफर्टेबल. म्हणजे कमावलं आणि राहण्याखाण्यात गेलं, शिल्लक शून्य.

"मग सेव्हिंग काय?" सीए.

"तू भाड्याने राहतोस ना ठाण्यात? तुझं काय होतं महिनाअखेर?"

यावर त्याने वेफर्सचं पाकीट ओढून घेतलं.

हल्ली मी दोन्हीची खिचडी करतो. कामाची मर्यादा गावावरून ठरवायची पाथफाइंडरसारखी, आणि मोबदला गोल्डमध्ये न देता राहणीमानात द्यायचा. आमच्यात एकीचं पात्र हाफलिंग (ठेंगू जमातीची) आहे, गुणाबाई, क्लास रोग (rogue, म्हणजे चोरी आणि सापळे यातली तरबेज) पण मूळ धंदा स्वयंपाकाचा. बंदराच्या शहरात पार्टी महिनाभर अडकली तेव्हा तिने गोदीच्या मागे एक खोली घेऊन खलाशांसाठी खानावळ काढली. पहिल्या आठवड्याचा रोल बोंबलला, मी म्हटलं तांदूळ ओला निघाला, या आठवड्यात तुझं राहणं पुअर, खोलीत आणखी तिघी झोपतात. दुसऱ्या आठवड्यात तिने बांगड्याचं तिखलं लावलं (हो, ड्रॅगनच्या दुनियेत तिरफळं मिळतात, माझी दुनिया आहे) आणि रोल एकोणीस. मॉडेस्ट. मग तिनेच आजूबाजूच्या चार खानावळवाल्या एकत्र करून गिल्ड काढायचं ठरवलं, आणि ही आयडिया तिला कुठून सुचली हे सांगायला नकोच, गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. गिल्ड झालं म्हणून नियमाप्रमाणे राहणीमान कंफर्टेबल. सोनं एक नाही मिळालं, पण स्वतंत्र खोली मिळाली, आणि तिच्याकडे जेवणाऱ्या एका खलाशाकडूनच पार्टीला पुढच्या बेटाचा नकाशा मिळाला.

फक्त एक भोक आहे यात. खानावळ आता चांगली चाललीये आणि गुणाबाई म्हणते मला बेटावर यायचंच नाही, चार बायका माझ्या जिवावर आहेत, तुम्ही जा. रोगशिवाय पार्टी, आणि पुढच्या रविवारी सापळ्यांनी भरलेलं देऊळ आहे. सीए म्हणतोय, "तिला स्लीपिंग पार्टनर करून घेऊ, हिस्सा किती ते मी शीटमध्ये टाकलंय."