कापणीचा सण आणि सव्विसाव्या ओवीनंतर

बाजरी खळ्यावरून घरात आली की नगरकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांना कापणीच्या सणाचे वेध लागायचे. आदल्या संध्याकाळी तरुण संघाची पोरं उपासनामंदिराच्या दाराला दोन्ही बाजूंनी उसाची कमान बांधत. बाजरीच्या कणसांच्या जुड्या, भोपळे, शेंगा, अंड्यांची टोपली, पाय बांधलेली कोंबडी, सगळं प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या, मेजापुढे मांडलं जाई. धान्य मात्र दोन उन्हं दिलेलंच हवं. दाणा दाताखाली कट्कन फुटला तर वाळला. दमट राहिला तर पोत्यात तापतो, कुबट वास येतो, भुंगा लागतो. देवाला द्यायचं ते निवडूनच, हा आयाबायांचा कटाक्ष असे.

नोकरदार पैशांचं पाकीट आणत. वडीलधारे त्यांना सांगत, सोबत हातच्या कामाचंही काही ठेवा. मग मास्तरांची खडूची पेटी आणि शिंप्याचा नवा सदरा बाजरीशेजारी विराजमान होत. हे फार योग्य होतं. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या 26व्या अध्यायात पहिलं पीक दुरडीत घालून आणणाऱ्याने नुसती दुरडी ठेवून परतायचं नसतं. देवाने आपल्याला कुठून कुठे आणलं, हे स्वतःच्या तोंडाने सांगायचं असतं.

ते सांगणं व्हायचं स्तोत्र 136 मध्ये. ओव्या 26, आणि प्रत्येकीला मंडळीचा एकच प्रतिसाद, ‘त्याची दया सनातन आहे.’ इथे घाई नडते. वाचणाऱ्याने श्वासभर थांबायला हवं, नाहीतर दहाव्या ओवीपासून प्रतिसाद नुसता घोकला जातो. सव्विसावी संपली की पुस्तक मिटायचं आणि एकेकाने आपली ओवी जोडायची. ‘विहिरीचं पाणी मेपर्यंत पुरलं.’ ‘सासूबाई उठून बसल्या.’ त्या वेळी प्रतिसादाचा आवाजच बदलायचा. वर्षभराचं आत्मिक मार्गदर्शन त्या अर्ध्या तासात मिळे.

मग मेजापुढच्या वस्तूंचा लिलाव. लिंबू घेणारा ते परत मेजावर ठेवी, आणि तेच लिंबू पुन्हा बोलीला. कुणी किती दिलं ते मोठ्याने वाचू नये. हातावर पोट असलेली माणसं पुढच्या वर्षी मागच्या बाकावर बसतात. संध्याकाळी पेटी, ढोलकी, झांजा आणि नारायण वामन टिळकांचे अभंग. तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलेल्या त्या कवीची चाल वारकऱ्यांच्या गावात कुणालाच परकी वाटत नसे.

जोड-ओवीची ही रीत घरच्या सांजप्रार्थनेतही चालते. फक्त मुलं रोज ‘भाकर दिली’ एवढंच म्हणू लागतात. त्यांना वर्षाचं विचारू नये. सकाळी दार उघडल्यापासून दिवे लागेपर्यंतचं विचारावं. मग सांगतात, ‘शेळीला करडू झालं आणि ते लगेच उभं राहिलं.’ सगळ्यांनी म्हणायचं, त्याची दया सनातन आहे.