गाळातली कवचं आणि एक नक्षी

कोकणातल्या जांभ्याच्या सड्याखालचं एक गावतळं उपसायला निघालं होतं. त्याआधी तळाशी पीव्हीसी पाइप ठोकून काढलेला हातभर गाळ आमच्याकडे आला. त्यातल्या डायटमची, म्हणजे काचेसारखं कवच असलेल्या सूक्ष्म एकपेशीय शैवालांची, मोजणी आम्ही करायची, आणि त्याच कवचांची नक्षी एका चित्रकर्तीला हवी होती.

पाइप उभा चिरला. वर काळपट, खाली तांबूस. प्रत्येक थरातला साधारण १ ग्रॅम गाळ वेगळ्या बीकरमध्ये घेऊन त्यावर ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं. जांभ्यातल्या लोहामुळे पेरॉक्साइड भडकतं, फेस भांड्याबाहेर येतो. म्हणून बीकर मोठं घ्यायचं, पेरॉक्साइड थेंबाथेंबाने घालायचं आणि फेस बसल्याशिवाय हॉट प्लेटवर ठेवायचं नाही. मग थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल, आणि आम्लाचा अंश जाईपर्यंत डिस्टिल्ड पाण्याने धुणं. प्रत्येक धुण्यानंतर रात्रभर बसू द्यायचं. घाईने निथळलं की बारीक कवचं पाण्याबरोबर जातात, जाडजूड तेवढी उरतात, आणि मोजणी खोटी ठरते.

कवच सिलिकाचं, अपवर्तनांक सुमारे १.४३. काचपट्टीवर कवचं बसवायच्या नेहमीच्या कॅनडा बाल्सम या राळेत त्यांच्यावरच्या रेषा फिक्या दिसतात, म्हणून १.७ च्या आसपास अपवर्तनांक असलेली नॅफ्रॅक्स ही राळ वापरली. हजारपट मोठं करून, तेल लावून, दर काचपट्टीवर ४०० कवचं मोजली. नावं लावताना डायटमचे अभ्यासक एच. पी. गांधींनी १९५० च्या दशकात केलेली कोल्हापूर परिसरातली वर्णनं हाताशी होती.

खालच्या थरात युनोशिया या डायटमची रेलचेल: किंचित आम्लधर्मी, क्षार कमी असलेलं, सड्यावरून उतरणारं पाणी. वरच्या थरात निट्झशिया पेलिया हा घाण पाण्यात तगणारा डायटम, म्हणजे सांडपाणी. कागदावर कुठेही नोंद नसलेला बदल हातभर गाळात उभा होता.

नक्षीची वेळ आली तेव्हा चित्रकर्तीची नजर अर्थातच मोठ्या, देखण्या सुरिरेला डायटमांवर गेली. पण त्या दोन्ही थरांत तुरळकच. शेवटी ठरलं, दर थराची १०० कवचं, मोजणीतल्या प्रमाणातच. कव्हरस्लिपवर जिलेटिनचा पातळ थर, सुईच्या टोकाला चिकटवलेला पापणीचा केस, त्याने एकेक कवच उचलून ठेवायचं आणि हलकी फुंकर मारायची. श्वासातल्या ओलाव्याने जिलेटिन मऊ होतं, कवच चिकटतं. हवा कोरडी असली की स्थिर विजेमुळे कवच केसालाच धरून बसतं. निट्झशिया जेमतेम ३-४ मायक्रॉन रुंद, त्यामुळे निम्म्या तर उचलतानाच मोडल्या. वरच्या थराची नक्षी काड्यांच्या ढिगासारखी दिसते. तिने ती तशीच ठेवली.