मुरमाड उतारावरची निळी फुलं: माझी ओळखण्याची पद्धत

पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या मुरमाड उतारावर पावसाळ्यात केना, आभाळी, मुर्डानिया आणि विष्णुक्रांत ही चार निळी-जांभळी फुलं पुन्हापुन्हा गोंधळात टाकतात. रंगावर विसंबलं की हमखास फसगत होते. मोबाइल निळ्याचा जांभळा करतो, शिवाय उन्हं चढली की पाकळी फिकटते. म्हणून मी रंग शेवटी बघते.

वेळ सकाळी साडेसात ते दहा. दुपारपर्यंत केन्याच्या पाकळ्या विरघळून ओला लगदा होतो, त्यामुळे फूल वहीत दाबूनही काही उरत नाही. सोबत दहापट भिंग आणि पट्टी पुरते. रोप उपटायची गरज पडत नाही.

आधी पाकळ्या मोजायच्या. पाच पाकळ्या एकत्र जुळून चाकासारखं सपाट फूल झालं असेल आणि पानांवर रेशमी लव असेल तर विष्णुक्रांत. तो इथेच बाजूला पडतो. बाकी तिघांना पाकळ्या तीनच.

मग फुलाखाली बघायचं. दुमडलेल्या होडीसारख्या हिरव्या छदातून (फुलाला वेढणाऱ्या पानासारख्या भागातून) फूल वर आलंय, दोन पाकळ्या मोठ्या आणि तिसरी अगदी छोटी, म्हणजे केन्याचा गट. पण या गटातही जाती अनेक. आपण ज्याची भजी करतो त्या केन्याचं पान रुंद, अंडाकृती, देठ असलेलं, आणि छदाच्या कडा मागे जुळून नरसाळं झालेलं असतं. पान अरुंद आणि कडा नागमोडी दिसली तर ती दुसरी जात. भाजीसाठी खुडणाऱ्यांनी इथे घाई करू नये.

खरी अडचण आभाळी आणि मुर्डानियात. दोघांच्या तीनही पाकळ्या सारख्या. पुंकेसरांच्या तंतूंवर निळे केस दिसले की लोक लगेच आभाळी म्हणतात, पण काही मुर्डानियांच्या तंतूंनाही केस असतात. म्हणून पाकळ्या बाजूने बघाव्या: आभाळीत त्या मधल्या भागात जुळून नळी होते, मुर्डानियात सुट्या राहतात. आभाळीचे सहाही पुंकेसर सारखे, परागांनी भरलेले. मुर्डानियात दोन-तीनच कामाचे, उरलेले वांझ.

फोटो चार: समोरून, बाजूने, छदाचा, पानाच्या तळाचा. बहुतेक जण समोरचा एकच काढतात आणि नेमका तोच सर्वांत कमी सांगतो.

उशीर झालाच तर केन्याची होडी आणि आभाळीची विळ्यासारखी, दोन रांगांत एकमेकांवर बसलेली छदं दुपारीही ओळखता येतात. मुर्डानियाचं मात्र मी दुपारी ठरवत नाही. जागेची खूण करून दुसऱ्या दिवशी सकाळी परत जाते.