भजनाच्या माणसाला ‘ग्रेसलँड’ कशाला?

गुरुदेव सेवा मंडळात खंजिरी वाजवणारा माणूस घरी पॉल सायमनचा ‘ग्रेसलँड’ हा अल्बम ऐकतो, हे आमच्या वणी तालुक्यात अनेकांना पटत नाही. ‘मास्तर, त्या इंग्रजी गाण्यात तुमाले काय भेटते जी?’ लग्नात, सप्ताहात, एसटीतसुद्धा हा प्रश्न येतो. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सायमन न्यूयॉर्कचा, स्वतः लिहून स्वतः गाणारा. 1983 चा त्याचा अल्बम चालला नव्हता, चाळिशी उलटली होती. जुन्या गाण्यांच्या पुण्याईवर उरलेलं आयुष्य सहज निघालं असतं. तेवढ्यात दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गच्या वस्त्यांमधल्या अकॉर्डियनच्या गाण्यांची एक कॅसेट त्याच्या हाती लागली आणि 1985 मध्ये तो थेट तिथे गेला. तिथल्या वादकांसोबत आधी ठेका, गिटार, बास असं सगळं ध्वनिमुद्रित केलं. बहुतेक शब्द परतल्यावर, त्या वाजवण्यावर बसवले. 1986 मध्ये ‘ग्रेसलँड’ आला आणि पुढच्या वर्षी त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं.

मला भिडतं ते हेच. एवढं नाव झालेला माणूस आधी दुसऱ्याचं वाजवणं ऐकतो, आपलं म्हणणं मागाहून मांडतो. आणि ऐकणं एकतर्फी नव्हतं. शीर्षकगीतात गिटारवादक रे फिरी एक मायनर कॉर्ड, म्हणजे जरा उदास वाटणारा स्वरमेळ, वाजवतो. तिकडच्या संगीतात ती फारशी येत नाही. सायमनने विचारलं, तर तो म्हणाला, तुमच्या गाण्यांत असते तशी वाजवली. संगत म्हणतात ती याला! समोरच्याचा गळा ओळखून वाजवणारा पेटीवाला मिळाला की भजन कुठल्या कुठे जातं, हे ज्याने अनुभवलंय त्याला मी वेगळं काय सांगू?

आणि लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझो! याच अल्बममध्ये गाणारा जोसेफ शबालाला यांचा हा ताफा, वाद्याशिवाय, नुसत्या गळ्यांवर गाणारा. ही गायकी वाढली ती घरदार सोडून खाणी-कारखान्यांत आलेल्या झुलू मजुरांच्या वसाहतींत. शनिवारी रात्रभर त्यांच्या स्पर्धा चालत. राजूर कॉलरीच्या, म्हणजे कोळसा खाणीच्या, पट्ट्यात वाढलेल्या, खंजिरी भजनाच्या स्पर्धांत रात्री जागवलेल्या माणसाला हे परकं कसं वाटेल? शब्द कळत नाहीत, पण पाळीवरून परतलेल्या माणसांचा आवाज मला कळतो.

एक गोष्ट मात्र खटकते. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध तेव्हा संयुक्त राष्ट्रांचा सांस्कृतिक बहिष्कार होता. त्या राजवटीशी लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसशी आधी बोलून घे, असं अमेरिकन गायक हॅरी बेलाफोंटे यांनी सायमनला सुचवलं होतं. तो न बोलताच गेला. वादकांना त्याने भरघोस मानधन दिलं, अनेक गाण्यांवर सहगीतकार म्हणून त्यांची नावं घातली. मिरियम मकेबा आणि ह्यू मासेकेला, दोघेही वर्षानुवर्षं देशाबाहेर राहावं लागलेले दक्षिण आफ्रिकन कलावंत, 1987 च्या दौऱ्यात त्याच्यासोबत उभे राहिले. तरीही मला वाटतं, त्याने विचारायला हवं होतं. जे जीव पणाला लावून लढत होते, त्यांचा तो हक्क होता. वादकांचं ऐकणारा माणूस त्यांचंही ऐकू शकला असता.

मंडळातल्या पोरांना मी हा अल्बम ऐकवतो तेव्हा हेही सांगतो. मग शबालालांचं गाणं लावतो आणि त्यांना म्हणतो, आता कोण कोणासाठी थांबतो तेवढं आयका.